हापशाचा दांडा आणि हापशाचा पाना



१९८० ते १९९० या दहा वर्षांत आपल्या रोजच्या वापरात होती आणि आता दिसेनाशी झाली, अशी वस्तू सांगा म्हटलं की गटातल्या बायका भराभरा बोलायला लागतात. वातीचा स्टोव्ह आणि त्याच्या वाती कापायची जुनी कात्री. पिन मारून, पंप मारून पेटवायचा पितळी स्टोव्ह. सेल उन्हात ठेवून आणखी दोन दिवस चालवायचा ट्रान्झिस्टर. कॅसेटची फीत बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची, ते तर आमच्यातल्या प्रत्येकीनं केलंय. या आठवणी निघाल्या की हसू येतं, डोळ्यांत पाणीही येतं.

हापशाचं नाव मात्र कुणी पटकन घेत नाही. तो कुणाच्या घरातला नव्हता, म्हणून असेल. ट्रान्झिस्टर नवऱ्याचा, स्टोव्ह सुनेच्या माहेरचा, तसा हापसा कुणाचा? गावाचा. पण एकदा का नाव निघालं की मग बैठक लांबते. कुणी त्याला हातपंप म्हणतं, कुणी नुसतं बोअर. आम्ही हापसाच म्हणणार. आजचं बोलणं त्याच्यावर आहे. तो आपल्यापर्यंत कसा आला ते आधी सांगतो, कारण त्या गोष्टीत जालना आहे आणि सोलापूरही आहे, आणि हे आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक आहे.

हापशाच्या आधी आड होते, विहिरी होत्या, ओढ्याकाठचे झरे होते. आपल्या मराठवाड्यात आणि सोलापूर, नगर, सांगलीच्या पूर्व भागात जमिनीखाली काळा पाषाण. हातानं विहीर खणायची म्हणजे सुरुंग लावायचे, महिनोन् महिने दगड उपसायचा, आणि एवढं करून चैत्रात तळ कोरडा. १९७२ चा दुष्काळ आपल्या आया-सासवांनी पाहिला. सुकडी खाल्ली, दुष्काळी कामावर खडी फोडली आणि संध्याकाळी परत येऊन झऱ्यात वाटीवाटीनं पाणी भरलं. रात्री दोन वाजता झऱ्यावर जाऊन बसायचं, कारण पाझर तेवढ्यात साचतो, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आपल्यात आहेत.

पाषाणाला सहा इंचाचं भोक पाडून खोल पाण्यापर्यंत जाता येतं, हे त्याच सुमारास आपल्याकडं रुजलं. १९६६-६७ साली बिहार आणि उत्तर प्रदेशात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा युनिसेफनं कठीण खडकात झपाट्यानं भोक पाडणारी यंत्रं भारतात आणली. दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा भोकाच्या तळाशीच दगड फोडत जातो, अशी त्यांची रचना. विहिरीला जिथं महिने लागायचे, तिथं बोअर एक-दोन दिवसांत व्हायचा. बोअरची गाडी गावात आली की शाळा सुटायची. दगडाची पांढरी धूळ उडायची, नारळ फुटायचा, आणि पाणी लागलं की पोरं त्या चिखलात नाचायची.

भोक झालं. आता पाणी वर कसं काढायचं? सहा इंचात पोहरा नीट जात नाही. मग बिडाचे पंप बसवले. हे पंप परदेशातल्या शेतघरांसाठी असतात त्यांची नक्कल होती. तिकडं एक कुटुंब दिवसातून चार बादल्या काढणार. इकडं अख्खं गाव पहाटे चारला सुरू करणार ते रात्री दहापर्यंत. बीड कडक खरं, पण ठिसूळ. दांडा मोडला, खिळ तुटली, आतली सळई घासून गेली, की पंप बंद. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफनं पाहणी केली, तेव्हा चारातले तीन पंप बंद निघाले. एवढा खर्च करून पाडलेली भोकं, आणि बाया पुन्हा झऱ्यावर.

आता जालन्याची गोष्ट. तिथं स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन होतं आणि दुष्काळी गावांत पाण्याचं काम करत होतं. हे बिडाचे पंप मोडतात, हे तिथल्या लोकांनी रोज पाहिलं होतं. त्यांनी बीड टाकून दिलं आणि पोलादाचा, वेल्डिंग केलेला पंप बनवला. त्याला पुढं जालना पंप म्हणायला लागले. सोलापुरातही बोअरवेलच्या कामातून असाच एक पंप तयार झाला, तो सोलापूर पंप. त्या काळी जे काही बसवलं जात होतं, त्यात सोलापूर पंप सगळ्यांत जास्त टिकत होता. हे पंप जिथं मोडले की लोक हाकेच्या अंतरावरून भांडायला यायचे, अशा गावांच्या शेजारी तयार झाले. आम्हाला वाटतं, त्यांच्या टिकाऊपणाचं अर्धं कारण तेच असणार.

सोलापूर पंपातली खुबी साखळीत होती. सायकलला असते तशी जाड साखळी. दांड्याच्या आखूड टोकाला अर्धगोल लोखंड, त्यावरून साखळी, आणि साखळीला खाली जाणारी सळई. जुन्या पंपात दांडा वर-खाली झाला की सळई डावीउजवीकडं ओढली जायची आणि घासायची. साखळी अर्धगोलावरून फिरते, त्यामुळं सळई सरळ उभी वर येते आणि सरळ खाली जाते. खाली ढकलायचं काम साखळी करू शकत नाही, ते सळई स्वतःच्या वजनानं करते. म्हणून पाणी फार उथळ असलं, सळई आखूड आणि हलकी असली, की दांडा धडधड करतो. आपल्याला वाटायचं हापसा जुना झाला. तसं नव्हतं.

भारत सरकार आणि युनिसेफ यांनी सोलापूर पंपाची कल्पना घेऊन, सगळीकडं एकाच मापाचा होईल असा पंप तयार करायला घेतला. सरकारी कंपनी रिचर्डसन अँड क्रुडास त्यात होती. कोइमतूरच्या बाजूला पाणी फार खोल, म्हणून नमुन्याचे पंप तिथं बसवून १९७६-७७ च्या सुमारास त्यांची परीक्षा घेतली. खोल पाण्यावर आणि दिवसभराच्या गर्दीत टिकला तर कुठंही टिकेल, असा हिशेब. त्यातून निघाला इंडिया मार्क टू. तीन पायांवर उभा, सिमेंटच्या ओट्यात रोवलेला, वर चौकोनी डोकं, पुढं तोटी आणि मागं लांबलचक दांडा. आपला हापसा तो हाच. याची कुणी मक्तेदारी ठेवली नाही, म्हणजे ठरल्या मापात कुठल्याही कारखान्यानं तो करावा आणि एका गावाचा सुटा भाग दुसऱ्या गावाला बसावा. १९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रांनी पाण्याचं दशक म्हणून ठरवलं होतं. त्या दहा वर्षांत तो गावोगाव तर पोचलाच, आफ्रिकेतल्या देशांतही गेला. सोलापूरच्या साखळीची चाल आज युगांडातल्या बाया हापसतात.

दीडशे फुटांवरून पाणी काढायचं म्हणजे त्या सळईवर शंभर किलोच्या वर ओझं येतं. दांडा लांब आणि त्याचं टोक जड, म्हणून ते ओझं आपल्याला हलकं वाटतं. हलकं म्हणजे किती, ते सातव्या महिन्यात पाण्याला गेलेल्या बाईला विचारा. मिनिटाला साधारण चाळीस वेळा दांडा मारला की बारा लिटरच्या आसपास पाणी पडतं. मोठ्या हंड्याला एक-सव्वा मिनिट. घरात आठ माणसं, दोन जनावरं, म्हणजे दिवसाला किती वेळा दांडा वर-खाली झाला याचा हिशेब ज्यांनी मारला त्यांनीच करावा. आम्ही एकदा बसून केला आणि मग तो कागद बाजूला ठेवला.

हाताला घट्टे पडायचे. पोरं दांड्याला लोंबकळायची, आणि हात सुटला की दांडा वर उसळून हनुवटीवर बसायचा. आमच्या गटातल्या दोघींच्या पुढच्या दातांचे टवके त्याच दांड्यानं उडवलेत. जात्यावरच्या ओव्या आपल्या सगळ्यांना येतात. हापशावरची ओवी मात्र आम्ही पुष्कळ जणींना विचारली, एकीलाही आठवेना. दांडा मारताना दम लागतो, गाणार कधी? ओव्या नसल्या तरी बोलणं मात्र भरपूर व्हायचं. नंबरात घागरी ठेवल्या की बायका ओट्याच्या कडेला टेकायच्या. कुणाची पोर नांदत नाही, कुणाच्या नवऱ्यानं बैल विकला, कुणाला दिवस गेलेत, हे तिथंच कळायचं. नवी सून पहिल्यांदा घराबाहेर एकटी थांबायची ती हापशावर. पुढं बचत गट निघाले, त्यातल्या कितीतरी गटांची पहिली बोलणी तिथंच झाली.

हापशानं आपल्याला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र बोलण्यात फार कमी येते. तो म्हणजे नारू. पन्नाशीच्या आतल्या मैत्रिणींनी नारू पाहिलाही नसेल. पायाला फोड यायचा, आग व्हायची, आणि त्यातून दोरीसारखा पांढरा किडा बाहेर यायचा. हात-दीड हात लांब, कधी त्याहून जास्त. तो ओढून काढता येत नाही, तुटला तर आत पू होतो. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा, आठवडे लागायचे. ऐन पेरणीत माणूस आडवा. बाई आडवी पडली तर चूल, पाणी, पोरं सगळंच थांबायचं. नारू झालेलं माणूस पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरलं की त्या फोडातून किड्याची पिल्लं पाण्यात पडत. पाण्यातले बारीक पिसू ती गिळत, आणि तेच पाणी प्यायलेल्या माणसाला वर्षभरानं पुन्हा नारू. म्हणजे पाय पाण्यात जाऊ दिला नाही की साखळी तुटते. हापशाच्या पाण्यात पाय घालायचा म्हटलं तरी घालता येत नाही. पाणी गाळून प्या असं सांगणारे आरोग्य कर्मचारी, विहिरीत औषध टाकणारे, पायऱ्या बुजवणारे, या सगळ्यांचं काम त्यात आहेच. १९८३-८४ पासून देशात नारू निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, आपलं राज्य त्यात होतं. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

हापसा आला आणि सगळ्या एका रांगेत उभ्या राहिल्या, असं म्हणायला आम्हालाही आवडलं असतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, त्याला साठ वर्षं होत आली तरी कितीतरी गावांत विहिरीचं पाणी वरून ओतलं जायचं. हापसा सरकारी, पाणी जमिनीच्या पोटातलं, तेव्हा बाटणार काय? तरी काही ठिकाणी पुढची बाई दांड्यावर पाणी ओतून मगच हात लावायची. काही ठिकाणी वस्तीला वेगळा हापसा मिळाला. वस्तीतल्या मैत्रिणी सांगतात की त्यामुळं त्यांचं पाणी दुसऱ्याच्या मर्जीवर राहिलं नाही, आणि ही गोष्ट मोठी होती. गावचा हापसा बंद पडला की गाव वस्तीच्या हापशावर यायचं, तेव्हा मात्र दांडा धुवायची आठवण कुणाला व्हायची नाही. जुने दिवस चांगले होते असं म्हणताना ते दिवस कुणाचे, हे विचारायला हवं.

दांडा बाईच्या हातात आणि पाना गड्याच्या, असं सुरुवातीपासून झालं. दुरुस्तीची तीन पायऱ्यांची पद्धत ठरली होती. गावात पंपाची काळजी घेणारा एक माणूस, तालुक्याला मिस्त्री, आणि जिल्ह्याला गाडी-सामान घेऊन फिरणारं पथक. कागदावर चांगली होती. पण गावातला तो माणूस बहुधा पुरुष असायचा, ज्याला घागर कधी उचलावी लागली नाही. हापसा बंद झालाय हे बाईला पहाटे चारला कळायचं, आणि अर्ज जायचा ग्रामपंचायतीची पुढची बैठक होईल तेव्हा. बिघाड तर अनेकदा एका चामड्याच्या वायसरचा. खाली पाण्यात पितळी नळकांडं असतं, त्यातल्या दट्ट्याला ते वायसर. ते झिजलं की दांडा नुसता हलतो, पाणी येत नाही. मार्क टू मध्ये ते बदलायचं तर सगळे पाईप एकेक करून वर ओढावे लागतात. चार-पाच माणसं, तिकाटणं, पाईप पकडायची अवजारं. पाच-दहा रुपयांच्या तुकड्यासाठी आठवडा जायचा. पुढं मार्क थ्री निघाला, त्यात पाईप मोठा ठेवला म्हणजे दट्ट्या पाईपातूनच वर निघतो. तोपर्यंत बहुतेक ठिकाणी मार्क टू बसून गेले होते.

बायकांना हे काम जमणार नाही असं म्हणणाऱ्यांसाठी उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्याचं उदाहरण आहे. तिथं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमात गावातल्या, बहुतेक दलित, बायकांनी हापसा उघडायला आणि जोडायला शिकून घेतलं. त्यातल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती. नवऱ्यांनी हसून घेतलं, सवर्णांच्या आळीतल्या लोकांनी आधी हात लावू दिला नाही, आणि हापसा बंद पडून तहान लागल्यावर बोलावणं धाडलं. दुरुस्तीच्या नोंदी ठेवायच्या तर लिहायला यायला हवं, म्हणून त्या लिहायला शिकल्या. त्याच कामातून 'महिला डाकिया' नावाचं बायकांचं पत्रक निघालं. पाना हातात आला आणि मागोमाग पेनही आलं. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेनंही बायकांना हापशाचे मिस्त्री केलं.

मग हापसा गेला कुठं? मोडला म्हणून गेला नाही, पाणी खाली गेलं म्हणून गेला. ज्या यंत्रानं गावाला प्यायचं पाणी दिलं, तेच यंत्र शिवारात गेलं. हापशाची पोच दीडशे फुटांच्या आसपास. शेजारच्या रानात तीनशे, पाचशे फुटांचे बोअर झाले, त्यात पाणबुडी मोटारी सोडल्या, ऊस आणि द्राक्षं उभी राहिली. १९९३ साली महाराष्ट्रात कायदा झाला, की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घ्यायचा नाही. कायदा हापशासारख्यांसाठीच होता. आमच्या भागात ते पाचशे मीटर टेप लावून मोजायला कुणी आलेलं आम्ही पाहिलं नाही. खोल जाण्याचा आणखी एक त्रास चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांनी भोगला. तिथं खोल पाण्यात फ्लोराईड निघालं, पोरांचे दात पिवळे-तपकिरी झाले, मोठ्यांची हाडं धरली. म्हणून हापशाचं पाणी आंधळेपणानं चांगलं म्हणू नये, तपासून घ्यावं.

आता २०१९ पासून घरोघरी नळाची योजना चालू आहे. नळ यावा, आणि उंबऱ्याच्या आत यावा. घागर वाहून मानेचे मणके झिजलेल्या बाईला हापशाची गोडी सांगायला आम्ही जाणार नाही. पण नळाला वीज लागते, मोटार लागते, टाकी लागते, वीजबिल भरलेलं लागतं. यातलं एक चुकलं की आठ दिवस तोटी कोरडी. हापशाला यातलं काहीच लागत नाही. अंधारात, पुरात, भारनियमनात तो दांड्यावर चालतो. तरीही नळ आला की बऱ्याच गावांत हापशाकडं कुणी बघत नाही. ओट्यावर गवत उगवतं, दांडा कुणीतरी भंगारात घालतं, कुणी बोअरमध्ये दगड टाकतं. दगड पडला की संपलंच, मग तो बोअर पुन्हा कामाला येत नाही. भोक पाडायला लागलेला पैसा गावाचा होता.

म्हणून एक काम करू या. आपापल्या गावात किती हापसे आहेत ते मोजा, वस्तीवरचे, शाळेतले, मळ्यातले सगळे. चालू असलेल्या हापशाची परीक्षा घ्यायला मिस्त्री लागत नाही. पाणी चांगलं सुरू झालं की एका लयीत, दांडा पूर्ण वर आणि पूर्ण खाली करत, चाळीस वेळा मारा आणि पाणी मोजा. बाराच्या आसपास लिटर भरलं तर वायसर ठीक आहे. फारच कमी भरलं तर वायसर गेलं असावं. मग अर्धा तास हापसा तसाच सोडा. परत येऊन मारा आणि पाणी पडेपर्यंत किती वेळा मारावं लागलं ते मोजा. पाचाच्या आत पडलं तर उत्तम. जास्त लागलं तर खालची झडप नाहीतर पाईप गळतोय. वरचं झाकण उघडून साखळीला ग्रीस आहे का, नटबोल्ट ढिले आहेत का, हे पाना असेल तर कुणीही पाहू शकतं. पंचायत समितीकडं हातपंप दुरुस्तीचं पथक असतं. त्यांना 'हापसा बंद आहे' एवढंच न लिहिता हे आकडे लिहून द्या, आणि एक प्रत ग्रामसभेत वाचा.

पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात आम्ही गावागावांचे आकडे वाचून दाखवणार आहोत. गटाचं नाव, गावाचं नाव, हापसे किती, चालू किती, आणि चाळीस वेळा मारून किती लिटर. पाणी मोजताना मापाची बादली घ्या, हंड्याचा अंदाज धरू नका.